मरणाऱ्याचा शब्द आणि जबाबाचा कागद

मृत्युपूर्व जबाबाची उलटतपासणी होत नाही. सांगणारा गेलेला असतो, आरोपीच्या वकिलाने प्रश्न विचारायचे कुणाला? एरवी ऐकीव म्हणून बाजूला पडला असता असा हा पुरावा. तरी एकट्या त्याच्या जोरावर आपल्याकडे फाशीही होऊ शकते.

मूळ तर्क इंग्लंडचा. 1789 च्या वुडकॉक खटल्यात तिथल्या न्यायालयाने म्हटलं, की जगण्याची आशा सुटलेल्या माणसाच्या मनावर शपथेइतकंच दडपण असतं. म्हणून आपण आता वाचत नाही, ही जाणीव बोलणाऱ्याला असायला हवी, अशी तिथली अट. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी लिहिलेल्या 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात ही अटच उरली नाही. मरणाची चाहूल लागलेली असो वा नसो, मृत्यूच्या कारणाबद्दलचं कथन कलम 32(1) नुसार ग्राह्य. गंमत म्हणजे 1883 मध्ये याच स्टीफन यांनी लिहून ठेवलं, की पंजाबात प्राणांतिक जखमी झालेला माणूस पिढीजात वैऱ्यांची नावं जबाबात गोवतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. मद्रासच्या एका माणसाचा सवालही त्यांनी नोंदवला आहे: मरायला टेकलेल्याने खरं बोलायचंच कशासाठी? त्याला सरळ उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयही बिचकलं होतं. दुजोरा नसेल तर अशा जबाबावर शिक्षा देणं धोक्याचं, असं त्याने रामनाथ माधोप्रसाद प्रकरणात म्हटलं. चारच वर्षांत, नागपूरच्या खुशालराव खटल्यात, ते मत मागे पडलं. 12 फेब्रुवारी 1957 च्या रात्री गिरणी भागातल्या दोन गटांच्या वैरातून एकावर तलवारी-भाल्यांनी वार झाले. मेयो इस्पितळात पोचताच डॉक्टरांनी त्याचं म्हणणं बेड-तिकिटावर उतरवून घेतलं, मग फौजदाराने, मग दंडाधिकाऱ्याने. दोन तासांत तीन जबाब, तिन्हींत तीच दोन नावं. पैकी एक जण उच्च न्यायालयात सुटला, कारण त्या नावाची आणखी माणसं वस्तीत होती. दुसऱ्याची फाशी कायम झाली.

दुजोऱ्याची सक्ती नाही, पण जबाब लवकर घेतला का, शक्यतो दंडाधिकाऱ्याने प्रश्नोत्तरांत, सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवला का, पढवायला कुणाला संधी मिळाली का, हे तपासा, असं या निकालाने सांगितलं. माझ्या मते भरवशाचं ओझं इथेच मरणाऱ्यावरून जबाब घेणाऱ्यावर आलं.

तेव्हापासूनची भांडणं कागदाची. विशेषतः जळीत प्रकरणांत: वाचून दाखवल्याची नोंद आहे का? हात भाजलेले असताना अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ कसा? भोवती माहेरचे होते की सासरचे? पेशंट शुद्धीवर असून जबाब द्यायच्या स्थितीत आहे, या डॉक्टरी शेऱ्यावरून तर निकालच परस्परविरोधी लागत होते. 2002 मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात घटनापीठाने तो वाद मिटवला. दंडाधिकाऱ्याची खात्री पटली असेल तर शेऱ्यावाचून अडत नाही. सरकारी पक्षाची ही मोठीच सोय झाली.

पण ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात दोन मृत्युपूर्व जबाबांवर उभी असलेली फाशी याच न्यायालयाने रद्द केली. 1 जुलै 2024 पासून कलम 32(1) भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 26 मध्ये गेलं आहे, मजकूर जवळपास जुनाच. जबाबाचं व्हिडिओ चित्रण करायलाच हवं, असं त्या कलमात कुठेही नाही.