डब्ल्यूएसजेटी-एक्सला लॉगबुक आणि नकाशाचे सॉफ्टवेअर नेटवर्कवरून जोडताना

लॅमिंग्टन रोडवरील आमच्या दुकानातून रेडिओ आणि संगणक जोडणारा इंटरफेस घेऊन जाणाऱ्या हॅम (हौशी रेडिओचालक) ग्राहकांचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: डब्ल्यूएसजेटी-एक्स (रेडिओवरील डिजिटल संदेश उलगडणारा प्रोग्राम) व्यवस्थित चालते, दर १५ सेकंदांनी एफटी८ या डिजिटल पद्धतीचे संदेश पडद्यावर उमटतात, पण लॉगबुकात (संपर्कांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये) किंवा ग्रिडट्रॅकर या प्रोग्रामच्या नकाशावर काहीच येत नाही. अशा वेळी केबल बदलून पाहण्यात अर्थ नाही. संदेश उलगडत आहेत त्या अर्थी रेडिओपासून संगणकापर्यंतची वाट मोकळी आहे. अडचण दोन प्रोग्रामच्या मधे आहे आणि ती बहुतेक वेळा नेटवर्कवरील पत्त्याची किंवा पोर्टची (त्या पत्त्यावर प्रोग्राम ज्या क्रमांकाच्या दारातून माहिती घेतो त्याची) असते.

डब्ल्यूएसजेटी-एक्स उलगडलेला प्रत्येक संदेश, चालू फ्रिक्वेन्सी, मोड आणि नोंदवलेला संपर्क यूडीपी (पोच न मागता नेटवर्कवरून माहिती पाठवण्याची पद्धत) वापरून बाहेर पाठवते. ‘सेटिंग्ज’मधील ‘रिपोर्टिंग’ टॅबवर ‘यूडीपी सर्व्हर’चा मूळ पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट २२३७ असतो (अंक अर्थातच इंग्रजीत टाइप करावेत). हा पत्ता त्याच संगणकाचा असल्यामुळे, सोबतचा प्रोग्राम एकच असेल आणि तोही त्याच संगणकावर असेल, तर येथे काहीही बदलू नये. लॉगबुक दुसऱ्या संगणकावर असेल, तर मात्र त्या दुसऱ्या संगणकाचा, म्हणजे माहिती घेणाऱ्याचा पत्ता लिहावा लागतो. पुष्कळ जण रेडिओशेजारच्या संगणकाचाच पत्ता लिहितात आणि मग संध्याकाळ वाया जाते.

खरी गुंतागुंत सोबतचे प्रोग्राम दोन असतील तेव्हा होते. नेहमीच्या पद्धतीत एका पोर्टवर एकच प्रोग्राम ऐकू शकतो. लॉगबुकाने २२३७ आधी धरले की नंतर उघडलेला नकाशा कोरा राहतो, आणि उघडण्याचा क्रम बदलला की तक्रारही उलटी होते. यावर आमच्या मते सर्वांत स्वच्छ उपाय मल्टिकास्टचा आहे. स्टेशनवरची उद्घोषणा जशी फलाटावरील सर्वांना ऐकू येते, तशी मल्टिकास्ट पत्त्यावर पाठवलेली माहिती त्या गटात सामील झालेल्या सर्व प्रोग्रामना मिळते. त्यासाठी २२४ ते २३९ या अंकांनी सुरू होणारा पत्ता लागतो. घरगुती वापरासाठी २३९.२५५.०.१ यासारखा पत्ता घ्यावा. हाच पत्ता आणि हाच पोर्ट प्रत्येक प्रोग्राममध्ये लिहावा. एखादा प्रोग्राम जुन्या १२७.०.०.१ वर राहिला, तर त्याला काहीच मिळणार नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये माहिती कोणत्या नेटवर्क इंटरफेसवरून बाहेर जावी हेही निवडता येते. माहिती दुसऱ्या संगणकाकडे जायची असेल, तर डब्ल्यूएसजेटी-एक्सचा संगणक ज्या वायफायने किंवा लॅनने नेटवर्कला जोडलेला आहे, त्याची तेथे निवड केलेली हवी.

काही राउटर वायफायवरील मल्टिकास्ट अडवतात, आणि ‘गेस्ट’ नेटवर्कवरील संगणकांना बहुधा एकमेकांशी बोलू दिले जात नाही. शक्य तेथे लॅन केबल वापरावी. विंडोजच्या फायरवॉलने परवानगी विचारली असता ती केवळ खासगी नेटवर्कसाठी द्यावी. राउटरवर २२३७ हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी उघडण्याचे काहीच कारण नाही.

नकाशावर स्थानके दिसतात, पण त्यांवर क्लिक करून काही होत नसेल, तर ‘अॅक्सेप्ट यूडीपी रिक्वेस्ट्स’समोर खूण करायची राहून गेली आहे असे समजावे. ही खूण केल्यावर सोबतचा प्रोग्राम आपल्या रेडिओवरून उत्तर सुरू करवू शकतो. परवाना आपल्या नावावर आहे आणि प्रक्षेपणाची जबाबदारीही आपलीच आहे, म्हणून दुसऱ्या खोलीतील संगणकावरून असे करताना रेडिओजवळ कोणीतरी असावे, असा आमचा आग्रह आहे.

मुंबईकरांनी आपला ग्रिड लोकेटरही (पृथ्वीच्या नकाशावरील आपल्या चौकोनाचा संकेतांक) एकदा तपासावा, कारण नकाशाला आपले स्थान डब्ल्यूएसजेटी-एक्सकडूनच कळते. १९ अंश उत्तर अक्षांशाची रेषा शहरातूनच जाते: कुलाबा आणि गिरगाव एमके६८मध्ये येतात, तर दादर, अंधेरी आणि बोरिवली एमके६९मध्ये. घर बदललेल्या ग्राहकांकडे जुनाच चौकोन राहिलेला आम्ही पाहतो.

यूडीपीमध्ये पोच मिळत नाही. लॉगबुक बंद असताना नोंदवलेला संपर्क त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स तो आपणहून पुन्हा पाठवत नाही. मात्र आपण ‘लॉग क्यूएसओ’च्या (संपर्क नोंदवण्याच्या) खिडकीत ‘ओके’ दाबले असेल, तर तो संपर्क डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या स्वतःच्या एडीआय फाइलमध्ये (लॉगबुकांना वाचता येणाऱ्या नोंदींच्या फाइलमध्ये) लिहिलेला असतो. ‘फाइल’ मेनूतून लॉगचे फोल्डर उघडून ती फाइल लॉगबुकात आयात करावी आणि त्या वेळी दुबार नोंदी वगळण्याचा पर्याय निवडावा.