खुबा बदलल्यानंतरची अस्थानी अस्थिनिर्मिती : प्रतिबंध

खुब्याचे सांधेरोपण झाल्यावर कृत्रिम सांध्याभोवतीच्या स्नायूंत, म्हणजे जिथे हाडाचे काहीच काम नाही तिथे, हाड धरू लागते. याला अस्थानी अस्थिनिर्मिती किंवा हेटरोटोपिक ऑसिफिकेशन म्हणतात. तीन ते सहा आठवड्यांनी एक्स-रेवर पिंजलेल्या कापसासारखी धूसर छाया दिसते आणि पुढे ती घट्ट होत जाते. ब्रूकर यांनी १९७३ मध्ये केलेल्या वर्गीकरणात चार श्रेणी आहेत : पहिलीत हाडाची सुटी बेटे, चौथीत खुबा जवळजवळ जाम. पहिल्या दोन श्रेणींचा बहुतेक रुग्णांना पत्ताही लागत नाही. वरच्या श्रेणींत मात्र वाकून पायात चप्पल सरकवणेही जड जाते.

मूळ पेशी हाडाच्या वाटेला लागतात त्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्यामुळे छाया दिसल्यावर गोळ्या सुरू करणे म्हणजे वरातीमागून घोडे. प्रतिबंधाची गरज सर्वांना नसते. पूर्वी असे हाड वाढलेले असणे, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचे सांधे आखडवणारा संधिवात), खुब्याची जुनी दुखापत ही धोक्याची कारणे; पुरुषांत प्रमाण अधिक.

उपाय दोन. इंडोमेथासिनसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दाह आणि हाड धरणे यांना चालना देणारी शरीरातली रसायने, रोखतात. प्रचलित मात्रा २५ मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, काही आठवडे. दुसरा उपाय किरणोपचाराचा : ७ ते ८ ग्रेचा (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) एकच डोस, शस्त्रक्रियेच्या आधी २४ तासांत किंवा नंतर ७२ तासांत. सिमेंटविना बसवलेल्या सांध्यात मूळ हाड रुजायला हवे असते, म्हणून तेवढा भाग झाकून घेतात. एटिड्रोनेट हे औषध एकेकाळी वापरात होते, पण त्याने हाड धरणे फक्त लांबणीवर पडे; औषध थांबवले की राहिलेले हाड तयार होई.

नागपुरात या निवडीला आणखी एक पदर आहे. विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचे, रुग्ण बरेच. रक्तपुरवठा तुटून ऐन तरुणपणी त्यांच्या खुब्याचा गोळा खराब होतो आणि सांधा बदलावा लागतो. या आजारात मूत्रपिंडेही नाजूक झालेली असू शकतात. त्यात नवतपाच्या उन्हात शरीरातले पाणी कमी झाले, तर ही वेदनाशामके मूत्रपिंडांना आणखीच घातक. अशा वेळी किरणोपचार बरा वाटतो, पण लहान अस्थिरोग रुग्णालयांत त्याचे यंत्र नसते. ताज्या टाक्यांच्या रुग्णाला स्ट्रेचरवरून दुसरीकडे न्यावे लागते. ही व्यवस्था शस्त्रक्रियेआधीच ठरलेली बरी. तरुण रुग्णाच्या बाबतीत किरणांमुळे पुढे अनेक वर्षांनी कर्करोग होण्याचा धोकाही तोलावा लागतो.

वाढलेले हाड सहसा परिपक्व झाल्यावरच काढतात, आणि ते काढल्यावर हाच प्रतिबंध पुन्हा करावा लागतो.