पंगत, वाढपी आणि छोट्या डब्यातला कॉम्प्युटर

भाचीचा फोन आला. "मामा, पेटी रेकॉर्ड करताना मधेच चट्-चट् आवाज येऊलालाय. दुकानवाला म्हणतोय रॅम कमी पडते, बत्तीस जीबी टाका."

भाची बेळगावात इंजिनिअरिंग शिकते, टिळकवाडीत खोली घेऊन राहते. शनिवारी-रविवारी खानापूरला घरी जाते. तिथल्या भजनी मंडळाची गाणी रेकॉर्ड करायची, मिक्सिंग करायचं आणि उरलेल्या वेळात गाड्यांचे गेम खेळायचे, असा तिचा उद्योग. तेव्हा एकच कॉम्प्युटर दोन्ही कामांचा हवा आणि तो पिशवीत बसला पाहिजे, कारण जुनं टॉवर कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊन ती दोनदा गेली आणि तिसऱ्यांदा जायला तिने नकार दिला.

दुकानवाल्याचा रॅमचा सल्ला ऐकून माझी जुनी खाज उफाळली. चट्-चट् आवाजाचं कारण रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवायची तात्पुरती मेमरी, असू शकतं, नाही असं नाही. पियानो किंवा सतारीचे हजारो ध्वनिनमुने असलेलं वाद्य सॉफ्टवेअरमध्ये उघडलं आणि रॅम भरली, तर सगळं रखडतं. पण इथे होती एक पेटी, एक माईक आणि निम्मी मोकळी रॅम. मग अडतंय कुठे? त्यासाठी आधी लग्नाच्या पंगतीत बसू.

आवाज कॉम्प्युटरमध्ये आकड्यांच्या रूपात असतो. सेकंदाला ४८,००० आकडे, सीडीच्या दर्जाला ४४,१००. स्पीकरकडे आवाज नेणारं यंत्र हे आकडे ठरलेल्या चालीने खात असतं. त्याला घाई नाही आणि ते थांबतही नाही. आता प्रोसेसर काही एकेक आकडा हातात घेऊन धावत नाही. तो एक वाटी भरतो आणि पानात ठेवतो. ती वाटी म्हणजे बफर. वाटीत १२८ आकडे मावत असतील, तर ती २.७ मिलिसेकंदांत रिकामी होते. म्हणजे सेकंदाला ३७५ वेळा वाढप्याने पानापाशी हजर असायलाच हवं. ३७४ वेळा वेळेवर आला आणि एकदाच कोपऱ्यात फोनवर बोलत राहिला, तरी पान रिकामं पडतं.

वाढपी दिवसभरात एकूण किती वाढतो याला इथे काही किंमत नाही. तुमचा प्रोसेसर सरासरी फक्त २० टक्के कामात आहे असं टास्क मॅनेजर दाखवतो आणि तरी आवाज फाटतो, तो यामुळेच. टास्क मॅनेजर सेकंद-सेकंदाची सरासरी सांगतो, पंगत मिलिसेकंदांवर चालते.

गेममध्ये असं होत नाही का? होतं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे दर चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखादं चित्र उशिरा आलं तर पडद्यावर आधीचंच चित्र राहतं आणि डोळा ते बऱ्यापैकी माफ करतो. कान माफ करत नाही. असं का, हा माझा आवडता भाग आहे.

ध्वनीची लाट म्हणजे घाटातला वळणावळणाचा रस्ता समजा, चोर्ल्याचा समजा हवं तर. वाटी रिकामी पडली की लाट जिथे असेल तिथून एकदम शून्यावर कोसळते, रस्त्यात कडा तयार होतो. फ्रेंच गणिती फूरिए याने १८०७ साली मांडलं की कुठलाही आकार वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या साध्या लाटांची बेरीज करून बनवता येतो. गोल वळण बनवायला थोड्या लाटा पुरतात. उभा कडा बनवायला मात्र खालच्या खर्जापासून अगदी वरच्या, वटवाघळालाच ऐकू येतील अशा लाटांपर्यंत सगळ्या लागतात. म्हणजे क्षणभराच्या त्या कड्यात जणू सगळेच सूर एकदम वाजतात. तेच आपल्याला 'चट्' असं ऐकू येतं. पेटीचा स्वर ठरावीक सुरांचा आणि त्याशेजारी सगळ्या सुरांचा एक फटका, मग तो लपणार कसा?

यावर उपाय सोपा वाटतो: वाटी मोठी घ्या. १०२४ आकड्यांची वाटी २१ मिलिसेकंद पुरते, वाढप्याला दम खायला वेळ मिळतो. पण आचाऱ्याने आमटीत आत्ता मीठ घातलं, तर ते तुमच्या जिभेवर केव्हा येणार? आधीची वाटी संपल्यावर. भाची कीबोर्डची पट्टी आत्ता दाबते आणि आवाज मागाहून येतो. येताना एक वाटी, जाताना दुसरी, शिवाय ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा, स्वतःचा थोडा वेळ. मोठ्या वाटीत हा उशीर ४० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर. ४० मिलिसेकंद उशीर म्हणजे तबलजी तेरा-चौदा मीटर दूर, मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला बसवल्यासारखं. त्याच्याबरोबर द्रुत लय धरून दाखवा! ८-१० मिलिसेकंद म्हणजे तीनेक मीटर, तेवढं चालतं. तेव्हा वाजवताना वाटी लहान, नंतर मिक्सिंग करताना मोठी. हे सॉफ्टवेअरमध्ये बदलायला एक क्लिक पुरतं आणि पैसे लागत नाहीत.

मग भाचीचा वाढपी कोपऱ्यात फोनवर कुणाशी बोलत होता? पुढचा परिच्छेद जरा आतल्या गोटातला आहे, कंटाळा आल्यास ओलांडा.

कॉम्प्युटरमधलं प्रत्येक उपकरण प्रोसेसरला अधूनमधून हाक मारतं: "थांब, माझं आलंय." याला इंटरप्ट म्हणतात. विंडोज अशी हाक आली की हातातलं काम टाकून धावते, अगदी जुजबी काम उरकते आणि उरलेलं 'नंतर करायचं' म्हणून एका रांगेत लावते. या रांगेतल्या कामांना डीपीसी म्हणतात. मेख अशी, की ही रांग कुठल्याही साध्या प्रोग्रामच्या आधी चालते. तुमच्या संगीताच्या सॉफ्टवेअरला कितीही वरची पत दिली, तरी डीपीसी संपल्याशिवाय त्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या त्या वाढप्याकडे) त्याचा नंबर लागत नाही. प्रत्येक उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. शहाण्या ड्रायव्हरचं डीपीसी मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात संपतं. आळशी ड्रायव्हर एखाद्या वेळी दोन-तीन मिलिसेकंद ठाण मांडून बसतो. आपली वाटी २.७ मिलिसेकंदांची. झालं!

लेटन्सीमॉन नावाचा एक प्रोग्राम नेमका हाच गुन्हेगार शोधून देतो. तो दहा मिनिटं चालू ठेवला. यादीत सर्वांत वर वायफायचा ड्रायव्हर होता. वायफाय बंद केलं आणि चट्-चट् थांबलं. बत्तीस जीबी रॅमचे पैसे वाचले. रॅमचे भाव सध्या कसे चढलेत हे ज्यांनी चौकशी केलीय त्यांना ठाऊक आहे.

पण डबा लहान करायचा होताच. तिचा जुना मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, मायक्रो-एटीएक्स मापाचा, साधारण २४४ मिलिमीटर चौरस. पिशवीत बसेल अशा कॅबिनेटला मिनी-आयटीएक्स लागतो, १७० मिलिमीटर चौरस. त्यावर रॅमला दोनच खाचा आणि कार्डाला एकच, तेव्हा आधी हिशेब करूनच घ्यायचं. तिच्याकडे एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा) रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम होती. मी म्हटलं, सॉकेट बदलू नको. तोच एएम४ सॉकेट असलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड घे आणि वर रायझन ७ ५७००एक्स बसव. आठ कोअर, ६५ वॅटचा वर्ग, रॅम जुनीच चालेल. आठ कोअरपेक्षा त्यातला एकेक कोअर जुन्यापेक्षा बराच चपळ आहे, हे संगीतासाठी महत्त्वाचं. एका ट्रॅकवर आधी इक्वलायझर (खर्ज-तार कमीजास्त करणारा), मग कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारा), मग रिव्हर्ब (खोलीचा घुमारा देणारा) अशी साखळी असते. आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही, म्हणून अख्खी साखळी एकाच कोअरला वाहावी लागते. एक भात शिजायला वीस मिनिटं लागतात, वीस आचारी लावून तो एका मिनिटात होत नाही.

"थ्रीडी कॅश असलेला घेऊ का? सगळे तोच म्हणतात," असं तिने विचारलं. गेमसाठी तो खरंच उत्तम. २०२२च्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर कॅशचा, म्हणजे कोअरजवळच्या छोट्या पण झटपट मेमरीचा, आणखी एक मजला चढवून ती एकूण ९६ एमबी केली. गेमला लागणारी माहिती हाताशी राहते, रॅमपर्यंत हेलपाटा वाचतो. पण खालच्या मजल्यावरची उष्णता वरच्या मजल्यातून बाहेर पडायची, म्हणून त्याला व्होल्टेज आणि वेग जरा आवरता ठेवावा लागे. २०२४च्या ९८००एक्स३डीत मजले उलटे केले, कॅश खाली आणि कोअर वर, कूलरला चिकटून. मला हे फार आवडलं. पण तो एएम५ या नव्या सॉकेटचा, म्हणजे बोर्ड आणि रॅमही नवी, आणि भाचीच्या मिक्सिंगला त्या मजल्याचा गेमइतका उपयोग नाही. विषय संपला. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, कारण ते ११५ वॅटमध्ये भागवतं आणि आखूड मिळतं. छोट्या डब्यात मी कार्डाचे वॅट आधी बघतो, कीर्ती नंतर. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, छोट्या एसएफएक्स मापाचा. फाइली साठवायची एसएसडी कुठलीही बऱ्या नावाची.

खरा पेच हवेचा आहे. ऐन गेममध्ये हा डबा अडीचशे वॅट उष्णता टाकतो असं धरू. आत येणारी हवा १० अंशांनी तापून बाहेर जावी असं वाटत असेल, तर समुद्रकाठी सेकंदाला साधारण २१ लिटर हवा खेळवावी लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, इथली हवा ८-९ टक्के विरळ. पंखा तेवढेच लिटर फेकतो, पण लिटरमागे हवेचं वजन कमी, म्हणून इथे २३ लिटर लागतात. दहा लिटरच्या कॅबिनेटमधली हवा सेकंदाला दोनदा पूर्ण बदलायची! मुंबईत कुणी केलेल्या कॅबिनेटच्या परीक्षणात जमलं ते इथे किंचित गरम भरतं ते यामुळे, जरी आपल्याकडची थंड संध्याकाळ त्याची भरपाई करून टाकते.

यावरून एक गंमत. वायफाय बंद केल्यावरही एप्रिलच्या दुपारी चट्-चट् पुन्हा सुरू झालं होतं. घरमालकांच्या ओळखीचे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, विजेचं यंत्र आग्नेयेला हवं, तुम्ही नैर्ऋत्येला कोंबलंय. भाचीने हलवलं आणि आवाज खरंच थांबला. वास्तुशास्त्राचा विजय! मी गेलो तेव्हा पाहिलं: आधी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात भिंतीला टेकून होता, आता आग्नेयेच्या उघड्या कोपऱ्यात. त्याच आग्नेयेत मी त्याची पाठ भिंतीला टेकवली आणि बाजूला दोन उशा लावल्या. वीस मिनिटांत आग्नेयेचा प्रभाव ओसरला. प्रोसेसर ९०-९५ अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो, वाढपी पाय ओढत चालू लागतो. गृहस्थांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, उशांची दिशा चुकली असेल.

तसाच प्रकार 'संगीतासाठी खास' म्हणून दामदुप्पट विकल्या जाणाऱ्या सोनेरी यूएसबी केबलचा. आकडे एक तर पोचतात, नाही तर पोचत नाहीत. सोन्याच्या वाटीने आमटी गोड होत नाही.

उष्णता कमी करायचा स्वस्त मार्ग व्होल्टेजमध्ये आहे. चिपची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के उतरवलं आणि वेग तोच राहिला, तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. चालू कामाची उष्णता एकोणीस टक्क्यांनी घटली. हे ग्राफिक्स कार्डावर सॉफ्टवेअरमधून करता येतं, फक्त पायरी-पायरीने उतरायचं आणि प्रत्येक पायरीला तासभर गेम खेळून बघायचं. या शास्त्रीय चाचणीला भाचीने आनंदाने वेळ दिला.

उरला आवाज. माईक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत म्हटल्यावर पंखा हाही एक गायक. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. पंचवीस गुणिले सात, १७५. सेकंदाला १७५ कंपनं म्हणजे जवळजवळ तंतोतंत पेटीवरची पांढरी चार! पं. रामभाऊ बिजापुऱ्यांनी ज्या बेळगावात पिढ्यान् पिढ्यांना पेटी शिकवली, तिथे हे सांगायला मला फार बरं वाटलं. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, म्हणून मोठा पंखा हळू फिरवणं केव्हाही चांगलं: ९२ मिलिमीटरचा पंखा जेवढी हवा फेकतो तेवढी १२० मिलिमीटरचा तसाच पंखा निम्म्याहून कमी फेऱ्यांत फेकतो. कॅबिनेट निवडताना मी लिटर सोडून आधी १२०चा पंखा बसतो का ते पाहिलं.

एसटीत नेताना ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं, फोममध्ये गुंडाळून न्यायचं. खानापूरच्या रस्त्याबद्दल अधिक बोलत नाही.

पहिल्या रेकॉर्डिंगला मी खानापूरला गेलो. भजनी मंडळाची पट्टी काळी एक. मी मोबाईलवर हिशेब केला: काळी एकचा खर्ज सुमारे १३८.६ कंपनांचा, भागिले सात, गुणिले साठ, तर पंखा मिनिटाला ११८८ फेऱ्यांवर बांधला की तो षड्ज धरेल. तंबोऱ्याची गरज नाही. कल्पना मी उत्साहाने मांडली.

भाचीने हेडफोन एका कानावरून सरकवला. "मामा, गाणं संपेपर्यंत तो बंद राहिला तर चालतंय का, तेवढं सांगा की."

सहा मिनिटांचा अभंग, गेम बंद, प्रोसेसर जेमतेम कामात. चालत होतं.