ट्रेमोलो नावाच्या व्हायब्रेटोची पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, जोडलेल्या दांड्याला बहुतेक वादक ‘ट्रेमोलो’ म्हणतात. हे नाव चुकीचे आहे, आणि त्या चुकीवर पेटंटचा शिक्का आहे.

तारा ओढून सूर हलवणाऱ्या यंत्रणा १९३० च्या सुमारासही होत्या. पण आजच्या वादकाचा संबंध येतो तो १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारपासून. कॅलिफोर्नियातील तिच्या निर्मात्याने ब्रिजची पट्टी सहा स्क्रूंवर टेकवली, तिच्याखाली पोलादी ठोकळा बसवला आणि तारांचा ताण तोलण्यासाठी गिटारच्या पाठीतल्या पोकळीत पाचपर्यंत स्प्रिंगा लावण्याची सोय ठेवली. १९५६ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटात या रचनेचे नाव ‘ट्रेमोलो’ असे आहे. शालेय भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर दांड्याने ध्वनीची तारता बदलते, म्हणून तो व्हायब्रेटो. ट्रेमोलोत वरखाली होते ती आवाजाची पातळी. गंमत अशी की, त्याच कारखान्याच्या अनेक अॅम्प्लिफायरांवर ज्या परिणामाला ‘व्हायब्रेटो’ असे नाव छापलेले असे, तो आवाजाची पातळीच हलवत असे. परिणामी आजही दांड्यासाठी ‘ट्रेमोलो स्प्रिंग’ मागावी लागते, आणि ‘ट्रेमोलो पेडल’ मागितले की भलतेच काम करणारी वस्तू हाती येते.

नावापेक्षा जुनी तक्रार म्हणजे दांडा वापरला की गिटार बेसूर होते. माझ्या मते यात दांड्याला गरजेपेक्षा अधिक बोल लावला जातो. तार खरी अडकते ती नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या, अरुंद खाचेत. दांडा दाबून सोडल्यावर तिसरी तार किंचित चढी राहते आणि खुंटी पिळताना बारीकसा ‘टिक्’ ऐकू येतो. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले की बराचसा दोष जातो. तारांचे कंपन टिपणारे चुंबकी पिकअपही या गोंधळात भर घालतात. एकदा सहाव्या तारेचा सूर वरच्या फ्रेटांवर (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) डळमळतो म्हणून मी संध्याकाळभर स्प्रिंगांशी झटत बसलो होतो. अखेर गळ्याजवळचा पिकअप स्क्रूचे दोन फेरे खाली घेतल्यावर तार स्थिर झाली. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपमधील चुंबकाचे खांब तारेच्या फार जवळ आले, तर ते तिला ओढतात आणि तिच्या कंपनातच बिघाड करतात.

१९७९ मध्ये पेटंट मिळालेल्या दुहेरी लॉकच्या रचनेने घर्षणाचा प्रश्न मुळापासून सोडवला, कारण तीत तार नटवर आणि ब्रिजवर अशी दोन्हीकडे आवळली जाते. नट आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी ठरतात, म्हणून पुढे ब्रिजवरच सूर जुळवण्याचे बारीक स्क्रू आले, आणि १९८० च्या दशकात हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्यांच्या गिटारींवर ही रचना सर्रास दिसू लागली. तिची किंमत मात्र वादकच मोजतो: तरंगत्या, म्हणजे फक्त तारा आणि स्प्रिंगांच्या ताणावर तोललेल्या, ब्रिजवरची एक तार तुटली की स्प्रिंगांचा जोर उरलेल्या पाचांवर पडतो आणि त्या सगळ्या चढतात. तारांचा गेज, म्हणजे जाडी, बदलला, तर तोल पुन्हा साधावा लागतो.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात स्ट्रॅटोकास्टरच्या निर्मात्यानेही काही मॉडेलांवर सहा स्क्रूंऐवजी दोनच टेकू दिले. तरीही कित्येक वादक पोलादी ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा घट्ट बसवून ब्रिज अचल करतात, आणि दांडा गिटारच्या केसमध्ये पडून राहतो.