थ्रीडी व्ह्यूवर पट्टी का लावता येत नाही

हल्ली कोकणात कोणी घर बांधायला काढलं की पायाचा चर खणायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर थ्रीडी व्ह्यू फिरायला लागतो. लाल कौलं, जांभ्याच्या भिंती, मागे दोन माड, पुढे गाडी उभी आणि आभाळ एकदम निळं. मुंबईचे चाकरमानी बघून हरखतात, काकूंना पडवी आवडते, सगळं ठरतं. मग तेच चित्र गावच्या गवंड्याला पाठवलं की त्याचा पहिला प्रश्न येतो, "पडवी किती फूट घेवची?" आणि एवढ्या सुंदर चित्रात नेमकं याचंच उत्तर नसतं. काढणाऱ्याने काही चुकवलंय असं नाही, त्या प्रकारच्या चित्रात ते उत्तर असूच शकत नाही, आणि का ते समजून घ्यायला गणित फार लागत नाही.

मुळात अडचण कागदाची आहे. घराला लांबी, रुंदी, उंची अशा तीन दिशा आणि कागदाला दोनच, मग कागद खरा असो नाहीतर मोबाईलचा स्क्रीन. तीन दिशा दोनांत बसवायच्या म्हणजे काहीतरी सोडावंच लागतं, काय सोडायचं ते मात्र आपल्या हातात असतं, आणि ड्रॉइंगचे जे वेगवेगळे प्रकार आपण बघतो ते सगळे या एका निवडीतून आलेत.

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे एक दिशा चक्क टाकून द्यायची. वरून बघितलं तो प्लॅन, समोरून बघितलं ते एलिव्हेशन, मधून कापून बघितलं तो सेक्शन. प्लॅनमध्ये उंची नाही, एलिव्हेशनमध्ये खोली नाही, पण जे दाखवलंय ते स्केलप्रमाणे बरोबर. अशी दोन सपाट चित्रं जोडून पूर्ण वस्तू कशी पकडायची याचं शास्त्र फ्रान्समध्ये गास्पार मोंज या गणितज्ञाने बसवलं, किल्ल्यांच्या बांधकामासाठी, आणि ते लष्कराला इतकं मोलाचं वाटलं की बरीच वर्षं गुपित ठेवलं होतं, १७९० च्या दशकात ते उघडपणे शिकवायला लागले. आपल्याकडे चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला घनभूमिती केलेल्यांना किंवा आयटीआयला ड्राफ्ट्समन केलेल्यांना हे पाठ असतं. बाकीच्यांना प्लॅन बघून घर डोळ्यांसमोर आणणं जड जातं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, कारण वेगवेगळी सपाट चित्रं मनात जोडायची सवय लागावी लागते.

दुसरा उपाय पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं. हे शिकायला समुद्रकिनाऱ्यासारखी जागा नाही. गुहागरच्या लांबलचक सपाट वाळूत उभे राहा आणि समोरच्या माणसांकडे बघा, क्षितिजाची रेघ तुमच्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांतून जाताना दिसेल, मग तो १० फुटांवर असो की ३०० फुटांवर. आता खाली बसा. क्षितिज तुमच्याबरोबर खाली येतं आणि उभ्या माणसांच्या कमरेच्या आसपास कापतं. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं, एवढा एक नियम कळला तरी पर्स्पेक्टिव्ह बरंच कळलं. रत्नागिरीला रत्नदुर्गावर चढून खाली होड्या बघा, तिथे त्या पूर्ण क्षितिजाच्या खाली असतात, डोलकाठीसकट, कारण त्यांच्या सगळ्यात उंच टोकापेक्षाही तुमचा डोळा वर आहे.

आणि अंतराचं गणित तर अगदी साधं. कोकण रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलीमीटर, रोह्यापासून खालपर्यंत सगळीकडे तेच. पण पुलावरून बघितलं की ते लांब जाऊन मिळतात. चित्रात १० मीटरवरचं अंतर १० सेंटिमीटर काढलं तर १०० मीटरवरचं १ सेंटिमीटर येणार, दहापट लांब म्हणजे दहापट लहान. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाने तिथल्या बाप्टिस्ट्रीचं, म्हणजे बाप्तिस्मा द्यायच्या इमारतीचं, चित्र एका फळीवर काढलं, फळीला भोक पाडलं आणि मागच्या बाजूने त्या भोकातून समोर धरलेल्या आरशात चित्राचं प्रतिबिंब बघायला लावलं, म्हणजे डोळा एकाच ठराविक जागी बांधला गेला. पुढे १४३५ मध्ये आल्बेर्ती नावाच्या विद्वानाने याचे नियम लिहून काढले. डोळा एका जागी बांधणं ही अट तेव्हापासून आजच्या थ्रीडी व्ह्यूपर्यंत तशीच आहे, फक्त आता डोळ्याऐवजी सॉफ्टवेअरमधला कॅमेरा असतो.

म्हणून पट्टी लागत नाही. पुढचा खांब आणि मागचा खांब सारखेच असले तरी चित्रात वेगळ्या मापाचे, आणि किती वेगळे ते कॅमेरा कुठे ठेवलाय त्यावर. कॅमेऱ्याचा कोन रुंद केला की साधी छोटी पडवी देवळाच्या सभामंडपासारखी खोल दिसते. कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आणला की साधं घर वाड्यासारखं उंच वाटतं. हे पकडायची एक युक्ती आहे आणि चिऱ्याच्या भिंतीवर ती फार छान चालते. चित्रात भिंत कोपऱ्यापासून मागे जाताना चिऱ्यांचे थर बघा, वरचे थर मागे जाताना खाली उतरतात, खालचे थर वर चढतात, आणि मधला एकच थर आडवा, सरळ राहतो. त्या थराची उंची म्हणजे कॅमेऱ्याची उंची. तो थर ओटीच्या पायरीजवळ सापडला तर समजा की घर जमिनीवर पडून बघितल्यासारखं दाखवलंय.

तिसरा उपाय मला स्वतःला सगळ्यात आवडतो. बघणाऱ्याला लांब नेत जायचं, इतकं लांब की डोळ्याकडे येणारे किरण एकमेकांना समांतर होतील. मग लांबचं लहान आणि जवळचं मोठं हा प्रकारच संपतो. याला अ‍ॅक्सोनोमेट्रिक म्हणतात आणि घरच्या घरी करून बघता येतं, कारण सूर्याचे किरण आपल्यासाठी जवळपास समांतरच असतात. माडाचे १२ हीर सारख्या लांबीचे, समजा १० सेंटिमीटरचे कापा, दोऱ्याने बांधून घनाचा सांगाडा करा. आता तो उन्हात असा धरा की एक कोपरा नेमका सूर्याकडे आणि समोरासमोरचा कोपरा नेमका उलट्या दिशेला, मागे किरणांना काटकोनात कागद. सावली पडते ती षटकोनाची, आत मध्यावर मिळणाऱ्या रेघा, त्यांच्यामध्ये ६०-६० अंश दिसतील कारण पुढचा आणि मागचा कोपरा एकावर एक बसलेत. पट्टी लावा, प्रत्येक हिराची सावली साधारण ८.२ सेंटिमीटर भरेल. सगळ्या सारख्या! तिन्ही दिशा सारख्याच आखडल्यात, लांबीच्या ०.८१६ पट, म्हणून याचं नाव आयसोमेट्रिक.

केंब्रिजचे विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये ही पद्धत नीट मांडली. ते यंत्रांवर लेक्चर द्यायचे, सुट्या भागांतून मॉडेल जोडून दाखवायचे, मग सगळं मोडून पुढच्या लेक्चरला वेगळं जोडायचं, आणि मदतनिसाला कुठला भाग कुठे बसतो ते एका चित्रात कळायला हवं आणि मापही मिळायला हवं. सुताराची आणि गवंड्याची गरज हीच तर असते. काढायला पण सोपं, ३०-६० चा सेटस्क्वेअर घ्या, उभ्या रेघा उभ्या, बाकीच्या दोन दिशा आडव्याशी ३० अंशात, आणि ०.८१६ वगैरे विसरून सरळ पूर्ण माप टाका, चित्र थोडं मोठं येईल पण प्रमाण बिघडत नाही.

पण आयसोमेट्रिक पण काहीतरी सोडतंच आणि कोकणात नेमकं तेच नडतं. माप खरं मिळतं ते फक्त त्या तीन दिशांना समांतर रेघांचं. आपली छपरं तिरकी, वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे ती तिरकी असणारच, आणि तिरकी रेघ आयसोमेट्रिकमध्ये साफ फसवते. दुपाखी घर घ्या, भिंतीपासून आढ्यापर्यंत आडवं अंतर १२ फूट, उतार ३० अंश. वाशाची खरी लांबी १३.८६ फूट, दोन्ही बाजूंना तेवढीच. हेच घर त्रिकोणी भिंतीच्या बाजूने आयसोमेट्रिकमध्ये काढलं तर एका पाख्याचा वासा मोजून १६.६ फूट येतो आणि दुसऱ्याचा १०.४ फूट! चित्र बघताना डोळ्याला काही खटकत नाही, दोन्ही पाखी सारखीच वाटतात, पण कोणी त्यावरून वासे कापले तर लाकूड गेलं. म्हणून आधी चौकोनी खोका काढतात, त्यावर आढ्याची उंची टाकतात आणि मग टोकं जोडतात, आणि वाशाचं माप घ्यायचं ते सेक्शनवरूनच.

कौलांचं पण असंच. प्लॅन बघून छपराचं क्षेत्रफळ १००० चौरस फूट धरलं आणि कौलं तेवढीच मागवली की कमी पडतात, कारण प्लॅनमध्ये उतार चेपला जातो. ३० अंशाच्या उताराला खरं छप्पर १.१५५ पट, म्हणजे ११५५ चौरस फूट. गंमत म्हणजे दुपाखी असो की चौपाखी, सगळ्या बाजूंचा उतार सारखा असेल तर आकडा तोच.

आयसोमेट्रिकची दुसरी अडचण म्हणजे जवळचं कुठलं आणि लांबचं कुठलं ते हरवतं. हिराच्या घनाच्या सावलीत कुठला कोपरा पुढे होता ते ओळखता येत नाही. लुई नेकर नावाचे स्विस शास्त्रज्ञ स्फटिकांची अशीच चित्रं बघत होते आणि बघता बघता स्फटिक उलटा व्हायचा, त्यांनी ते १८३२ मध्ये लिहून ठेवलं, म्हणून आजही त्या घनाला त्यांचं नाव आहे. पायऱ्यांच्या चित्रात हे फार होतं, चढत्या की उतरत्या कळत नाही, तिथे एक माणूस किंवा सावली काढली की सुटतं.

याच कुळातली अजून एक पद्धत, प्लॅन जसाच्या तसा ४५ अंशात फिरवायचा आणि त्यावर भिंती सरळ उभ्या उचलायच्या. छप्पर काढून ठेवलं की ओटी, माजघर, देवघर, न्हाणी सगळं एकदम दिसतं आणि काटकोन काटकोनच राहतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना चूल कुठे आणि दार कुठे ते या चित्रात चटकन कळतं, माझ्या मते प्रत्येक घराच्या कागदांत हे एक असायलाच हवं.

आणि सपाट चित्र म्हणजे मागासलेलं असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. कुडाळजवळ पिंगुळीची चित्रकथी बघा, चेहरे बाजूने, सावली नाही, क्षितिज नाही, तरी कोण राजा, कोण राक्षस, कोण कोणाशी बोलतंय ते पटकन कळतं. डहाणूकडच्या वारली चित्रात तारपा नाचाचं गोल रिंगण वरून दिसतं आणि त्यातली माणसं बाजूने. प्रत्येक गोष्ट जिथून नीट ओळखू येते तिथून दाखवायची, एका जागी डोळा बांधायचा नाही. आपण प्लॅनवर झाड वरून काढतो आणि एलिव्हेशनवर बाजूने, ते वेगळं कुठे आहे? वारली चित्रकार दोन्ही एका चौकटीत आणतो एवढंच.

तर घर बांधताय तर थ्रीडी व्ह्यू जरूर घ्या, रंग आणि एकूण रूप त्यातच कळतं, पण सोबत आयसोमेट्रिक मागा. वेगळी मेहनत लागत नाही, मॉडेल तयारच असतं, स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा मेनूत पॅरलल प्रोजेक्शन निवडलं की समांतर रेघा समांतर राहतात. मुख्य मापं चित्रावरच लिहून घ्या, छपराचा सेक्शन जोडायला सांगा, आणि प्रिंट काढताना फिट टू पेजवरची टिक काढा, नाहीतर स्केल बदलतं आणि गवंड्याच्या हातात पुन्हा नुसतं चित्रच जातं.