अक्षरओळख (कोल्हापूर परिसरातील बालवाडी व पहिली)

लिहिलेला आकार दिसताच त्याचा आवाज तोंडात येणे, याला अक्षरओळख म्हणतात. ‘क, ख, ग, घ’ तालात म्हणता येणे ही निराळी गोष्ट आहे. तक्त्यावरचे चित्र हाताने झाकावे, ओळ मोडून मधल्याच अक्षरावर बोट ठेवावे. तरीही मुलाने आवाज सांगितला, तरच ते अक्षर आले असे समजावे. चित्र दिसत असेपर्यंत मूल पुष्कळदा चित्रच वाचत असते.

वाचनाची पूर्वतयारी कानाने होते. चारपाच वर्षांच्या मुलांकडून शब्द टाळ्यांवर तोडून घ्यावेत: ‘भाक-री’ दोन टाळ्या, ‘रं-का-ळा’ तीन, ‘मि-सळ’ दोन. मग शब्दाचा पहिला आवाज विचारावा. हे जमू लागले की आकार दाखवावा. उलट क्रमाने गेल्यास मूल आकाराचे नाव पाठ करते, पण नाव आणि बोलण्यातला आवाज यांची सांगड त्याला लागत नाही.

कोल्हापूरकडे या टप्प्यावर एक अडचण हमखास येते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि घरात पुस्तक नसलेली मुलेही शाळेत येऊ लागली. तक्त्यावरचे शब्द मात्र बहुधा पुस्तकी बोलीतलेच असतात. करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या खेड्यांतली अनेक मुले विळ्याला ‘इळा’, विटेला ‘ईट’, ओठाला ‘व्हट’, ओढ्याला ‘वढा’ आणि शाळेला ‘साळा’ म्हणतात. विळ्याचे चित्र दाखवून ‘हा व’ असे सांगितले, तर मुलाच्या कानाला तिथे ‘इ’ ऐकू येते. चूक मुलाची नाही, चित्राची आहे. ‘व’साठी वडा किंवा वांगे घ्यावे. ‘श’साठी शेंग चांगली, कारण या बोलीतही तिचा ‘श’ सहसा टिकतो. ‘ओ’ला चित्रच नको. हाक मारल्यावर मूल ‘ओ’ देते, तोच आवाज पकडावा. मुलाची बोली सुधारायची वेळ ही नव्हे. ‘च’ आणि ‘ज’ यांना मराठीत दोन-दोन उच्चार आहेत: चाक आणि चिमणी, जाळे आणि जीभ. सुरुवातीला यांतला एकच घ्यावा, दुसरा महिनाभराने.

वर्णमालेच्या क्रमाने शिकवू नये. त्या क्रमाला उच्चारस्थानांची सुंदर शिस्त आहे, पण ‘क ख ग घ ङ’ शिकून झाल्यावर मुलाला वाचण्याजोगे फारसे काही मिळत नाही. त्याऐवजी सहा अक्षरे आणि एक काना असा गट घ्यावा. म, क, ल, न, स, र आणि काना एवढ्यावर मका, काम, नाक, कान, लाल, रस, मामा, काका असे शब्द तयार होतात. आठवड्याला दोन नवी अक्षरे पुरेत, रोज दहा-पंधरा मिनिटे. प्रत्येक बैठकीत पाच जुन्या अक्षरांच्या पत्त्या (कार्डे) आणि त्या आठवड्याच्या नव्यांपैकी एक. पत्ती साधारण १० सेंमी चौरस असावी आणि अक्षर ठळक, निदान ६ सेंमी उंच. नवे अक्षर तीन पायऱ्यांनी द्यावे: ‘हा म’, मग ‘म कुठला, दाखव’, आणि शेवटी ‘हा कोणता?’. तिसऱ्या पायरीवर मूल अडले तर उत्तर ओढून काढू नये, पुन्हा पहिलीवर यावे.

बाराखडी मोजली तर ३४ व्यंजने गुणिले १२, म्हणजे ४०८ रूपे होतात. ती पाठ करून घेणे व्यर्थ आहे. एक चिन्ह घेऊन ते ओळखीच्या सगळ्या अक्षरांना लावावे. आधी काना, मग दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण नंतर बोलली जाते, म्हणून ती मागाहून. ‘क ला काना का’ हा घोष पहिले काही दिवस उपयोगी पडतो. पुढेही चालू ठेवला तर मूल ‘काका’ वाचताना दोनदा थांबते आणि शब्दाचा अर्थ हातातून निसटतो.

हाताला आकार कळण्यासाठी जुनी धूळपाटी आजही उत्तम आहे. कडा असलेल्या ताटात चाळलेली बारीक वाळू एक सेंमीहून कमी जाडीत पसरावी. जास्त घातली तर रेघ ढासळते. ताटाचा तळ गडद असावा, म्हणजे बोट फिरले तिथे अक्षर स्पष्ट उमटते. वाळूवर पाण्याचा हबका मारावा, धूळ उडत नाही. रांगोळीची पूड उडून डोळ्यांत जाऊ शकते, ती टाळावी. पेन्सिल त्यानंतर.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच आठवड्यात देऊ नयेत. घ आणि ध, म आणि भ, प आणि ष, ब आणि व, थ आणि य यांत घोटाळा ठरलेला. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, घ आणि म यांची सलग. नेमकी हीच जागा बोटाने दाखवावी. ‘ख’ची खालची जोडणी सुटली तर तो ‘रव’ वाचला जातो. ‘ल’ची पाकळीची आणि दंडाची अशी दोन रूपे छापील मजकुरात भेटतात. शिकवताना पाकळीचेच वापरावे, दंडाचे रूप मूल पाट्या वाचायला लागल्यावर दाखवावे. पाटीवाचनाच्या सुरुवातीला केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या) फलकावरचे ‘रंकाळा’ किंवा चौकातली ‘बिंदू चौक’ ही पाटी चांगली. रस्त्यात सगळी पाटी वाचायला लावू नये, ओळखीचे एक अक्षर शोधू द्यावे.

पहिलीची दिवाळी उलटली तरी मूल दहाबारा अक्षरांतच अडखळत असेल, तर सराव वाढवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. कान वाहत असेल तर त-थ, प-फ यांतला फरक त्याला नीट ऐकू येत नाही. अशा मुलाला मठ्ठ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. उपचार होईपर्यंत त्याला बाईंच्या समोर, पहिल्या ओळीत बसवावे आणि बोलणाऱ्याचे ओठ त्याला दिसतील असे पाहावे.