कडक भाकरी आणि किल्लारीचा भूकंप

सोलापुरात भांडी जराशी खणखणली, की मोबाइलवर निरोप फिरू लागतात: ‘आज रात्री ३ वाजता मोठा धक्का, बाहेर झोपा.’ तारीख-वेळेसह भूकंप आधी सांगणं आजवर जगात कुणालाही जमलेलं नाही. असा निरोप आला की तिथंच पुसून टाका.

दुसरा समज जुना आहे: आपल्याखाली काळा पाषाण, इथं कसला भूकंप! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीनं तो खोटा ठरवला. हा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. किल्लारीजवळ भोक पाडून पाहिलं, तर सुमारे ३४० मीटरवर तो संपला. त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे, आणि मोडतोड झाली ती त्या खडकात.

खडक मोडतो कसा, हे आपल्या कडक भाकरीवर बघा. भाकरी दोन्ही कडांनी धरून हलकेच वाकवा. ती किंचित वाकते. सोडली तर पुन्हा सरळ. म्हणजे तुमच्या हातांचा जोर तिच्यात साठला होता. आणखी वाकवली की कट्‌कन मोडते. आता तुकडे नीट पाहा: दोन्ही सरळ आहेत, बाक गेला. साठलेला जोर त्या क्षणी सुटला, तोच बोटांना झटका म्हणून जाणवला. तव्यावरची ताजी भाकरी मात्र मोडत नाही, दुमडते. खूप खोलवरचा तापलेला खडकही असाच सावकाश दुमडतो, त्याला वळ्या पडतात. मोडतो तो वरचा, थंड खडक.

भारत ज्या खडकाच्या अवाढव्य तुकड्यावर आहे तो भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेला सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. तो दाब दख्खनपर्यंत पोचतो. जमिनीत जुन्या भेगा असतात; त्यांच्या दोन्ही बाजू घर्षणानं एकमेकींना धरून ठेवतात आणि आजूबाजूचा खडक वाकत राहतो. पकड सुटली की खडक झटक्यात सरळ होतो. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाआधीची आणि नंतरची जमिनीची मोजमापं ताडून हॅरी रीड या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं हे दाखवून दिलं.

किल्लारीत भेगेची एक बाजू दुसरीवर चढली, तीही दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. तीव्रता ६.२ होती, पण भूकंपाच्या लाटा जोर न ओसरताच घरांना भिडल्या. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार जीव गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत अशी माळवदं आजही आहेत. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन्ही थर आरपार लांब दगडांनी बांधून घ्या आणि छपरावर दरवर्षी चढणारा मातीचा थर आधी उतरवा.